माडीवर तार न्या

प्रश्न: ताई, आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, आजोबांच्या काळातलं. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, वर माडी. फायबरचा डबा सोप्यात टीव्हीशेजारी बसवलाय. थोरला मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम माडीवर बसून करतो, त्याची मीटिंग सारखी अडकते. धाकटी बारावीला आहे, तिच्या व्हिडिओवर नुसतं चक्र फिरत राहतं. जास्त स्पीडचा प्लॅन घेऊन झाला, फरक काही पडला नाही. आता रिपीटर घ्या म्हणून सांगतायत. घ्यावा का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: दादा, रिपीटर घेऊ नका. प्लॅन वाढवून फरक का पडला नाही, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. नेट सोप्यापर्यंत नीट येतंय, घोडं अडतंय ते सोपा आणि माडीच्या मध्ये. खात्री करायची असेल तर मुलाला एकदा लॅपटॉप घेऊन खाली बसवा, डब्याच्या लॅन पोर्टला तार लावून स्पीड बघा. पैसे भरलेला स्पीड तिथं मिळाला, तर बाहेरून येणाऱ्या नेटमध्ये काही दोष नाही.

पेठेतल्या भिंती माझ्या ओळखीच्या आहेत. दगड-मातीचं बांधकाम, जाडी दीड-दोन फूट, त्यात भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट. वायफाय असल्या भिंतीत जिरतं, पाच गिगाहर्ट्झचं जास्तच जिरतं, आणि पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली की रेंज आणखी बसते. रिपीटर जिथं लावाल तिथं त्याला स्वतःलाच लंगडी रेंज मिळणार, आणि तीच तो पुढं देणार. त्यातून स्वस्तातले रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतात त्याच रेडिओवर बोलतात, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मोबाइलवर दांड्या भरलेल्या दिसतील, मीटिंग अडकायची ती अडकेलच.

दुसरी गोष्ट अशी, की वायफायवर घरातली सगळी उपकरणं पाळीपाळीनं बोलतात. एक बोलत असलं की बाकीच्यांनी थांबायचं. तारेवर हे थांबणं नाही. स्विच म्हणजे एका तारेला अनेक फाटे देणारा छोटा डबा; त्याच्या प्रत्येक पोर्टची वाट स्वतंत्र, आणि त्या वाटेवर जाणं-येणं एकाच वेळी चालतं. मीटिंगला स्पीड फार लागत नाही. आवाजाचे आणि चित्राचे तुकडे वेळच्या वेळी पोचणं लागतं, आणि ते काम तारेइतकं बिनघोर दुसरं कुणी करत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: जे जागचं हलत नाही त्याला तार द्या. कामाचं टेबल, टीव्ही, प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, सगळं तारेवर. हातातून फिरतं तेवढंच वायफायवर. एवढं केलं की मोबाइललाही वायफाय मोकळं मिळतं.

आता सामान. केबल कॅट-सिक्स घ्या. कॅट-फाइव्ह-ई वाईट नाही, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट तीही नेते, आणि कुणाच्या घरात आधीच ओढलेली असेल तर ती काढायची गरज नाही. पण नव्यानं ओढताय तर मजुरी दोन्हींची तीच. कॅट-सिक्सवर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही चालतं, आणि तुमच्या घरात कुठलीच तार तेवढी लांब जाणार नाही. पूर्ण डबा ३०५ मीटरचा असतो, तो घेऊ नका. सुटी केबल मीटरवर मिळते.

घेताना मात्र तांबं बघून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल भरपूर आहे, आणि वेष्टनावर कॅट-सिक्सच छापलेलं असतं. दुकानातच टोक सोलायला सांगा आणि आतली एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरं चमकलं की परत ठेवा. असली तार दोन-चारदा वाकवली की तुटते, तिचा विरोध जास्त असतो, आणि कनेक्टरमध्ये बसवलेलं टोक काही दिवसांनी ढिलं पडतं. भिंतीत गाडायची वस्तू आहे, तिथं काटकसर करू नका.

वाट कुठून काढायची हे घर बघूनच ठरतं, पण तुमच्यासारख्या घरात दगडी भिंत मी शक्यतो फोडत नाही. मातीत बसवलेल्या दगडावर हॅमर चालवला की एक भोक पाडायला जावं आणि आतला दगड हलावा, असं होतं. माडीची जमीन लाकडी पाटाची असेल तर भिंतीलगत कोपऱ्यात एक भोक पुरतं. खोलीतून खोलीत जायला दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीचा कोपरा बघा. केबल उघडी सोडू नका, पट्टीतून किंवा पाइपातून न्या. जुन्या घरात उंदीर केबल कुरतडतात. विजेच्या वायरींच्या पाइपात ती अजिबात घालू नका. समांतर न्यायची तर एक वीतभर तरी लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. वळणावर केबल मुरगाळू नका, गोलाई किमान इंचभराची राहू दे. आणि एक ओढायची असेल तिथं दोन ओढा. दोन्ही टोकांवर पेननं सारखाच नंबर घाला.

टोक बसवण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण घरगुती जोडणीतले बहुतेक बिघाड मला तिथंच सापडतात. बाहेरचं आवरण दीड इंच सोला. आत चार जोड्या पिळलेल्या दिसतील: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची, दुसरी त्याच रंगाची पट्टी असलेली पांढरी. कॅट-सिक्समध्ये बहुधा मधोमध प्लास्टिकचा कणा असतो, तो बुडाशी कापा. कनेक्टर असा धरा की क्लिप तुमच्या पलीकडच्या बाजूला आणि सोनेरी दात वर. मग डावीकडून क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा अंगठ्याखाली सरळ करा, अर्धा इंच ठेवून एकदम सरळ कापा आणि आत सरकवा. कनेक्टरच्या तोंडाकडून बघितलं की तांब्याचे आठही ठिपके दिसले पाहिजेत, आणि केबलचं बाहेरचं आवरणही कनेक्टरच्या आत गेलेलं पाहिजे. मगच क्रिंपर दाबा.

त्या क्रमात हिरवी जोडी फुटून निळीच्या दोन बाजूंना बसते. हे बघून काही जण आपल्या मनानं रंग ओळीनं लावतात: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, जोडीला जोडी. दोन्ही टोकांना तसंच लावलं की टेस्टरचे आठही दिवे क्रमानं पेटतात, आणि काम झालं असं वाटतं. पण साधा टेस्टर फक्त तार सलग आहे का तेवढंच सांगतो. नेटवर्कच्या दृष्टीनं तिसरी आणि सहावी ही एक जोडी असते. रंग ओळीनं लावले की तिसरी एका पिळातली आणि सहावी दुसऱ्याच पिळातली होते, आणि बाहेरचा गोंगाट छाटण्यासाठी दिलेला पीळ तिथं निकामी होतो. तार छोटी असली तर चालल्यासारखं वाटतं. माडीपर्यंत नेली की वेग कधी येतो, कधी जातो, आणि कारण कुणालाच सापडत नाही. पीळसुद्धा अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही, तो याचसाठी.

हात बसेपर्यंत सोपा मार्ग असा: भिंतीतल्या तारेच्या दोन्ही टोकांना आयओ बॉक्स, म्हणजे भिंतीवरचा लॅनचा सॉकेट, लावा. त्यातल्या जॅकवर रंग छापलेलेच असतात. त्यावर ए आणि बी असे दोन क्रम असतील, तर दोन्हीकडं बी घ्या. बॉक्सपासून लॅपटॉपपर्यंत तयार पॅच कॉर्ड लावा. भिंतीतली केबल एकसंध तांब्याची असते, सारखी हलवली तर तुटते. पॅच कॉर्ड बारीक तारांची, लवचिक असते. रोजची ओढाताण तिनं सोसायची.

माडीवर एक पाच पोर्टचा गिगाबिट स्विच ठेवा. खोक्यावर गिगाबिट लिहिलंय याची खात्री करा, कारण १०० मेगाबिटचे स्विच अजून विकले जातात. स्विचला सेटिंग काही नसतं. खालून आलेली तार एका पोर्टला, मुलाचा लॅपटॉप दुसऱ्या, तिसऱ्या पोर्टवर जुना राउटर लावून माडीपुरतं वायफाय काढा. तो कसा लावायचा ते राजारामपुरीच्या पत्राला उत्तर देताना खाली लिहिलंय. लॅपटॉपला तारेचं पोर्ट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर मिळतो. मुलीचं अभ्यासाचं टेबलही याच स्विचवर घ्या. बारावीच्या वर्षात तिला नेटसाठी जिन्यात बसावं लागू नये.

प्रश्न: आमचा प्लॅन २०० चा आहे. तार लावून बघितलं तरी स्पीड ९४ च्या पुढं जात नाही. मोबाइलवर वायफायनं मात्र १८० येतो. तारेपेक्षा वायफाय बरं, असं म्हणायचं का?
— एक शिक्षक, कसबा बावडा

उत्तर: सर, ९४ या आकड्यावरच रोग ओळखता येतो. तुमची जोडणी १०० मेगाबिटवर चालली आहे. त्यातले पाच-सहा पत्ता आणि वेष्टनात जातात, हातात ९४ च्या आसपास पडतात. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड बघा, तिथं १००/१०० दिसेल. १००० दिसायला पाहिजे.

१०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या पुरतात: पहिली-दुसरी आणि तिसरी-सहावी. गिगाबिटला आठही तारा लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तरी दोन्हीकडची उपकरणं आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. नेट बंद पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आधी पॅच कॉर्ड बदलून बघा. मग टेस्टर लावा: चौथा, पाचवा, सातवा, आठवा दिवा नीट बघा. यातला एखादा पेटत नसेल तर आधी एक टोक कापून नवं बसवा, तरी पेटला नाही तर दुसरं. तारा सगळ्या ठीक असतील तर डब्यावरची पोर्टं तपासा. काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची १०० ची.

प्रश्न: राजारामपुरीत माझा छोटा क्लास आहे. मागच्या खोलीत रेंज यावी म्हणून घरातला जुना राउटर तारेनं जोडला. त्या दिवसापासून मुलांचे मोबाइल जोडलेले दिसतात, पण काहींना नेट मिळतं, काहींना नाही. राउटर काढला की सगळं सुरळीत.
— क्लासचालक, राजारामपुरी

उत्तर: ताई, राउटर जोडल्या जोडल्या नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देत सुटतो. फायबरचा डबा तेच काम आधीपासून करतोय. एका गल्लीत दोघांनी आपापल्या वहीतून घरांना नंबर वाटायला घेतले, तर पत्र कुठल्या दारात पडेल? ज्या मोबाइलला डब्यानं पत्ता दिला त्याला नेट मिळतं. ज्याला जुन्या राउटरनं दिला, त्याला बाहेर जायची वाटच चुकीची सांगितलेली असते.

जुना राउटर नेटवर्कपासून वेगळा करून एकट्या लॅपटॉपला जोडा. त्याचा स्वतःचा पत्ता बदला: डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. वायफायचं नाव आणि पासवर्ड डब्याचाच ठेवा, चॅनेल वेगळा ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ यांतला एक. आता डब्यापासून आलेली तार राउटरच्या लॅन पोर्टात घाला, वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात घालू नका. नव्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो, तो निवडला की हे सगळं तो स्वतः करतो.

आणि क्लासमध्ये मुलं असतात म्हणून सांगून ठेवते: मोकळी लोंबणारी तार दिसली की कुणीतरी ती त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोचतं. दोन्ही टोकं एकाच स्विचला लागली की आतले संदेश गोल गोल फिरत वाढतात आणि अख्खं नेटवर्क गारद होतं. स्विचचे सगळे दिवे एका लयीत वेड्यासारखे लुकलुकायला लागले, तर आधी असली तार शोधा.

प्रश्न: कळंब्याला घर बांधतोय. नेटसाठी पाइप टाकायला सांगितले, तर वायरमन म्हणतो वायफायच्या जमान्यात कशाला खर्च. पुढच्या आठवड्यात स्लॅब आहे.
— एक वाचक, कळंबा

उत्तर: दादा, आजच टाकायला सांगा. स्लॅबच्या आधी पाइपचा खर्च किरकोळ आहे; गिलावा झाल्यावर भिंत फोडायची झाली तर रंगापर्यंत सगळं निघतं.

जिन्याखाली किंवा पॅसेजमध्ये एक कोनाडा ठरवा, तिथं इन्व्हर्टरच्या लाइनीवरचा प्लग पॉइंट द्या. सगळे पाइप तिथून निघून थेट आपापल्या जागी गेले पाहिजेत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत साखळी करत न्यायचे नाहीत. २५ मिलिमीटरचा पाइप घ्या, वळणावर काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड लावा, आणि प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवा. अभ्यासाच्या आणि कामाच्या टेबलामागं दोन-दोन, टीव्हीमागं दोन, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजच्या छतात एक, फाटकावर कॅमेऱ्यासाठी एक. बाहेरून फायबर आत यायलाही एक पाइप राखून ठेवा, तो हमखास विसरतात. छतातल्या वायफायला आणि कॅमेऱ्याला वेगळी वीज न्यायची गरज नसते. पीओई स्विच लावला की त्याच तारेतून वीज जाते. म्हणूनही तांबं शुद्धच पाहिजे. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा.

प्रश्न: आमचा गोठा घरापासून साठ मीटरवर आहे. म्हशींवर लक्ष ठेवायला कॅमेरे लावले आणि घरातून लॅनची केबल खांबांवरून ओढली. मे महिन्यातल्या वळवात वीज कडाडली आणि स्विच, रेकॉर्डर, टीव्ही एकदमच गेले. वीज आमच्याकडं पडली नव्हती. आता भारीतली केबल टाकू का?
— एक शेतकरी, वडणगे

उत्तर: दादा, नुकसान मोठं झालं. कळून फार वाईट वाटलं. पण भारीतली केबल टाकून हे टळणार नाही. साठ मीटर हे अंतर तांब्याच्या आवाक्यातलं आहे. अडचण अंतराची नाही. उघड्यावरून गेलेली तांब्याची लांब तार जवळपासच्या विजेचा दाब नुसत्या सान्निध्यानं पकडते. शिवाय घराची आणि गोठ्याची अर्थिंग वेगळी. आसपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या दाबात मोठा फरक पडतो आणि तो तुमच्या केबलमधून वाट काढतो. लॅनच्या पोर्टात संरक्षण असतं ते साधारण दीड हजार व्होल्टपर्यंतचं. वळवातल्या विजेपुढं ते टिकत नाही.

दोन इमारतींमध्ये फायबरच टाका. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावले की तिथून पुढं साधी लॅनची तार चालते. एक लक्षात ठेवा: खांबावरून ओढायच्या फायबरला आधारासाठी स्टीलची तार जोडलेली असते. ती बाहेर हुकाला बांधून तिथंच तोडायची, आत उपकरणापर्यंत आणायची नाही. धातू अजिबात नसलेली फायबरही मिळते, जमिनीखालून पाइपातून नेणार असाल तर तीच मागा. फायबर जमतच नसेल तर दोन्ही छतांवर समोरासमोर बाहेरचे वायफाय ब्रिज लावा. मध्ये झाड येत नसेल तर साठ मीटरला ते पुरतात. आणि आभाळ भरून आलं की प्लग तर काढाच, लॅनची तारही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

प्रश्न: २०१९ च्या पुरात आणि पुन्हा २०२१ ला तळमजल्यावर पाणी आलं. दोन्ही वेळा राउटर गेला. केबल मात्र वाळवून तीच वापरतोय, पण नेट सारखं तुटतं. आता सगळं नव्यानं करायचं ठरवलंय. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कुंभार गल्ली, शाहूपुरी

उत्तर: दादा, भिजलेली केबल आधी काढून टाका. पाणी कापलेल्या टोकातून शिरतं आणि आवरणाच्या आत लांबवर चढतं. वरून केबल कोरडी लागते, आत तांब्यावर हिरवी पुटं धरलेली असतात. टोक कापून नवं कनेक्टर लावलं तरी रोग आतच राहतो.

नव्यानं करताना फायबर थेट वरच्या मजल्यावर उतरवून घ्या. डबा, स्विच, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, सगळं वरच. खाली जाणारी प्रत्येक तार वरून, छताकडून उतरू दे, जमिनीलगतच्या पाइपातून काहीही नेऊ नका. मागच्या पुराची खूण भिंतीवर अजून दिसत असेल, खालचे आयओ बॉक्स तिच्या वर बसवा, टेबलापासून हातभर उंच वाटले तरी चालतील. खाली जाणाऱ्या तारा वर स्विचजवळ एकत्र नंबर घालून ठेवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की तेवढ्याच उपसता येतील आणि वरचं नेट चालू राहील. पुरात बातमी कळायला आणि नातेवाइकांना खुशाली कळवायला तेच उपयोगी पडतं. वीज गेल्यावर डब्यासाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

डबा खालीच ठेवणं भाग असेल, तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत राहा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. तुमच्या गल्लीत पाणी कितीला येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत, पण ३९ ची बातमी आली की थांबू नका. घरातला मेन स्विच बंद करा, डबा अडॅप्टरसकट काढून वर न्या. फायबरचं टोक उपसल्यावर त्याला बोट लावू नका, टोपी घाला, मोठ्या गोलाईनं गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि छताजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवा.